मधल्या सुट्टीचा डोस

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीला येणाऱ्या पोरांचं पहिल्या दिवशी तोंड गोड करतात. प्रवेशोत्सव म्हणतात त्याला. फुलं, नवी पुस्तकं, कुठं ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून तर कुठं बैलगाडीतून मिरवणूक, आणि दारात औक्षण झालं की हातावर शिरा नाहीतर पेढा. पद्धत चांगली आहे. फक्त माझ्या लेकीला साखर चालत नाही. गूळ चालत नाही, मध चालत नाही, फळं नाहीत, दूधही जवळजवळ नाहीच. आणि आम्ही राहतो कोल्हापूर जिल्ह्यात, जिथं गूळ हा जेवणातला पदार्थ नसून स्वभावातलाच आहे. वर मी नोकरीला साखर कारखान्यात, वजनकाट्यावर. हे ऐकलं की लोक हसतात. हसू देत. आम्हीही हसतो.

आजाराचं नाव ग्लायकोजेन स्टोरेज डिसीज, प्रकार एक-ए. डॉक्टर नुसतं जीएसडी म्हणतात, म्हणून आम्हीही. आपण जेवतो त्यातलं जास्तीचं ग्लुकोज यकृत साठवून ठेवतं आणि दोन जेवणांच्या मधे, रात्री झोपेत, लागेल तसं रक्तात सोडतं. सोडायच्या शेवटच्या पायरीवर ग्लुकोज-सिक्स-फॉस्फटेज नावाचं एक एन्झाइम लागतं. ते लेकीच्या यकृतात नाही. म्हणजे कणगी भरलेली, पण खालचं भोक बुजलेलं. यकृत फुगत जातं, पोट पुढं येतं, आणि रक्तातली साखर मात्र तीन-चार तासांत उतरायला लागते. लहानपणी तिचे गाल गोबरे, पोट मोठं आणि हातपाय काडीसारखे होते. कुणी जंताचं औषध दिलं, कुणी टॉनिक. दहा महिन्यांची असताना पहाटे झटका आला, तिथून पुढं तपासण्या सुरू झाल्या आणि शेवटी रक्ताच्या जनुकीय चाचणीत नाव सापडलं. मुंबईला केईएममध्ये दाखवायला महालक्ष्मी एक्स्प्रेसनं जायचो तेव्हा गाडीच्या वरच्या बर्थवर मोबाइलच्या उजेडात तिचा डोस मोजायला वजनाचा काटा मांडून बसलेला माणूस बघून सहप्रवाशांना काय वाटत असेल कुणास ठाऊक.

साखर बंद, पण ग्लुकोज चालतं, इथं सगळ्यांचाच गोंधळ होतो. आपल्या साध्या साखरेत निम्मं ग्लुकोज असतं आणि निम्मं फ्रुक्टोज. दुधातल्या साखरेत निम्मं ग्लुकोज, निम्मं गॅलॅक्टोज. फ्रुक्टोज आणि गॅलॅक्टोज आधी यकृतात जातात, तिथं अडकतात, आणि त्यांचं लॅक्टिक आम्ल होतं. नुसतं ग्लुकोज थेट रक्तात जातं, म्हणून अडचणीच्या वेळी ते द्यायचं.

रोजचा उपाय वाण्याच्या दुकानात मिळतो. कॉर्नफ्लॉवर. सूप दाट करायला घालतात ते पांढरं. पिवळं मक्याचं पीठ नव्हे. ते कच्चंच, साध्या पाण्यात कालवून प्यायचं. कच्चा स्टार्च पोटात सावकाश फुटतो आणि तीन-चार तास थोडं थोडं ग्लुकोज देत राहतो. गरम पाण्यात घातलं किंवा वर लिंबू पिळलं की लवकर फुटतं, मग सगळा हिशेब चुकतो. 1984 साली अमेरिकेत डॉ. युआन-त्सोंग चेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा उपाय प्रसिद्ध केला. त्याआधी अशा मुलांना रात्रभर नाकातल्या नळीतून आहार सोडावा लागे. त्यामुळं कॉर्नफ्लॉवरच्या पुड्याकडं मी जरा आदरानंच बघतो.

लेक पहिलीला गेली तेव्हा तिचा डोस 30 ग्रॅम होता, दर चार तासांनी. वजन वाढेल तसा डॉक्टर बदलून देतात. दिवसा चार तासांनी आणि रात्रीही चार तासांनी. माझी चार ते बाराची पाळी असली की घरी येऊन हातपाय धुवून रात्रीचा डोस मी देतो, पहाटेचा तिची आई. लेक झोपेतच उठून बसते, डोळे मिटलेले, बाटली संपवते, आडवी होते. सकाळी विचारलं तर काही आठवत नाही. एक डोस हुकला तर काय होतं ते आम्ही पाहिलेलं आहे, त्यामुळं दोन मोबाइल आणि एक चावीचं घड्याळ असे तीन गजर लावलेले असतात.

नात्यातल्या लग्नाचं विचाराल तर, हो. बायको माझ्या सख्ख्या मामाची मुलगी. दोघांकडंही त्या जनुकाची एकेक सदोष प्रत होती, ती आम्हाला दिसायचं कारण नव्हतं. दोन्ही प्रती लेकीकडं आल्या. प्रत्येक बाळंतपणात चारात एक अशी शक्यता असते. समुपदेशन करणाऱ्या मॅडमनी कागदावर चार वर्तुळं काढून हे समजावलं तेव्हा माझी आईही खोलीत होती. लग्न तिनंच जमवलेलं. त्यावर घरात पुढं फारसं बोलणं झालं नाही, आणि ते बरंच झालं.

सहा वर्षांची होईपर्यंत आम्ही तिला घरीच ठेवलं. अंगणवाडीत नाव होतं, पण ती आईच्या पदराला धरून जायची आणि तासाभरात परत यायची. पहिलीचं वर्ष आलं तेव्हा आधी गावाजवळच्या एका खासगी इंग्रजी शाळेत विचारलं. त्यांनी फी सांगितली, गणवेश सांगितला, बसचा थांबा सांगितला. मग मी आजार सांगितला. अपंगत्वाचा दाखला आहे का, असं विचारलं. दाखला मिळत नाही, कारण 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात 21 प्रकार आहेत, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, सिकलसेल आहेत, पण हा आजार त्यात नाही. मग म्हणाले, दाखला नाही म्हणजे सवलत नाही, आणि आजार आहे म्हणजे जबाबदारी आम्ही घेऊ शकत नाही. दोन्ही वाक्यं एका दमात. मी उठलो.

गावातली जिल्हा परिषदेची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर. दोन खोल्या, पुढं पत्र्याची शेड, पहिली-दुसरीला एकच बाई. एप्रिलमध्ये ‘पहिले पाऊल’चा शाळापूर्व तयारी मेळावा होता. जूनमध्ये पहिलीत येणारी पोरं आईबापांबरोबर येतात, वेगवेगळी टेबलं मांडलेली असतात. कुठं उड्या मारायच्या, कुठं चित्रावरून गोष्ट सांगायची, कुठं मणी मोजायचे, आणि शेवटी विकासपत्र भरून देतात. लेकीनं मणी झटकन मोजले, गोष्ट तर मागितली त्यापेक्षा लांब सांगितली. उड्यांच्या टेबलावर मात्र लोक तिच्या पोटाकडं बघायला लागले. उंचीही वयाच्या मानानं कमी. एक आजोबा म्हणाले, “पोरगी बारीक हाय, म्होरल्या वर्षी घाला की.” बाईंनी वर न बघताच सांगितलं, “गोष्ट ऐकली का तिची? पुढच्या वर्षी ती मलाच शिकवंल.”

त्याच दिवशी बाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं. दोन कागद बरोबर होते. एक केईएमच्या डॉक्टरांचं पत्र, दुसरं राष्ट्रीय बाल हक्क संरक्षण आयोगानं 2023 मध्ये राज्यांना पाठवलेलं पत्र, टाइप-वन मधुमेह असलेल्या मुलांना शाळेत साखर तपासायला आणि मधल्या वेळेत खायला मुभा द्या असं सांगणारं. माझी लेक मधुमेही नाही, पण तिलाही लागते ती मुभा नेमकी हीच. कागद बघून मुख्याध्यापक सरांचा जीव भांड्यात पडला. सरकारी शाळेत माणसाचं मन असतंच, त्याला फक्त फाइलला लावायला काहीतरी लागतं.

बाईंनी एकच प्रश्न विचारला. “तिला कसंतरी व्हायला लागलं की ती सांगेल ना?”

मी हो म्हणणार होतो. तिची आई म्हणाली, “नाही सांगणार.”

खरं तेच होतं. आमच्या लेकीला भूक म्हणजे काय ते माहीत नव्हतं. इतर पोरं खेळता खेळता येतात, आई भूक लागली म्हणतात. हिला जन्मापासून आम्ही घड्याळाच्या काट्यावर भरवलेलं. भूक लागायच्या आतच बाटली तोंडाशी. तहान, झोप, शू सगळं सांगायची, भूक कधी सांगितली नाही. आणि या आजारात आणखी एक फसवं प्रकरण असतं. साखर उतरली की रक्तातलं लॅक्टेट वाढतं, आणि मेंदू काही काळ त्याच्यावर काम भागवतो. म्हणजे ग्लुकोमीटरवर आकडा खाली आणि पोर समोर हसत-खेळत. दुसऱ्या एखाद्याला घाम फुटला असता, थरथर सुटली असती, अशा आकड्याला ही चित्रं रंगवत बसलेली मी पाहिली आहे. ती बरी दिसते म्हणजे बरी आहे असं नाही, हे शाळेला कसं समजावायचं? बाईंच्या वर्गात दोन इयत्ता मिळून पंचवीस-तीस पोरं.

एप्रिल-मे-जूनचे ते दिवस आम्ही यातच घातले. अक्षरं, अंक, पाटी यांची काळजी आम्हाला नव्हती.

डोसच्या आधी कधी कधी बोट टोचून साखर तपासावी लागते. आकडा 70 च्या खाली येऊ द्यायचा नाही असं डॉक्टरांचं सांगणं. आता आम्ही तपासायच्या आधी तिला विचारायला लागलो, सांग बरं, आत्ता अंगात कसं वाटतंय. मुद्दाम उपाशी ठेवून बघायचं नाही हे डॉक्टरांनी बजावलं होतं, त्यामुळं नेहमीच्या वेळी नेहमीची तपासणी, फक्त आधी तिचं मत. सुरुवातीला ती म्हणायची, “छान.” नेहमीच छान. मग हळूहळू दुसरं काहीबाही यायला लागलं. हात गार पडलेत. मला उगीचच राग येतोय. एकदा म्हणाली, “पप्पा, गुडघे हसायला लागलेत.” मीटरवर बघितलं, 72. ‘गुडघे हसतात’ हे आम्ही उचललं. दर वेळी ते खरं ठरतं असं नाही; कधी पळून दमलेली असते. पण आकडा उतरायला लागलेला असताना ते बऱ्याचदा खरं निघालं. बाईंच्या कागदावर मी ते तसंच लिहून दिलं: ‘गुडघे हसतात’ असं म्हणाली तर वेळ बघू नये, ताबडतोब ग्लुकोजचं पाणी द्यावं आणि मला फोन करावा.

त्या कागदावर पहिली ओळ ठळक अक्षरात होती: ही मुलगी मधुमेही नाही. ही ओळ गरजेची, कारण ‘शुगरचा त्रास’ एवढंच कानावर पडलं की माणसं म्हणतात, एवढ्याशा लेकराला शुगर? आणि दुसऱ्याच क्षणी, कारल्याचा रस द्या. मधुमेही पोराची साखर फार उतरली तर ग्लुकॅगॉनचं इंजेक्शन देतात. हिला त्याचा उपयोग नाही, उलट त्रास होऊ शकतो. म्हणून तेही कागदावर. पुढं: साधी ग्लुकोज पावडर द्यायची, संत्र्या-लिंबाच्या चवीची नको, तिच्यात साखर मिसळलेली असते. डोसनंतर उलटी झाली तर डोस गेला असं समजायचं. झोपाळली, उत्तर देईना झाली तर तोंडात पाणी ओतायचं नाही, गाडी काढायची. खाली माझा नंबर, आईचा नंबर, काट्यावरच्या केबिनचा नंबर, आणि समोरच्या घरातल्या मोटारवाल्याचा नंबर. कागद प्लॅस्टिकच्या खिशात घालून एक वर्गात टांगला, एक दप्तरात.

सगळ्यात अवघड शिकवणी ‘नको’ म्हणण्याची. बोलायला सोपं वाटतं. आपल्याकडं मोठ्या माणसानं हातावर काही ठेवलं तर ते घ्यायचं, नमस्कार करायचा, मग खायचं. नको म्हणणारं पोर आगाऊ. त्यात प्रसाद असेल तर विचारायलाच नको. आम्ही सोप्यात शाळा-शाळा खेळायचो. शेजारची पोरं वर्गात, तिची आई बाई, मी वाढदिवसाचं चॉकलेट वाटणारा मुलगा, आणि माझी आई देवळातली पुजारीण. चॉकलेटला लेक ठसक्यात नको म्हणायची, कारण मला नको म्हणायला तिला आवडायचंच. आजीचा पेढा आला की मात्र तिची जीभ अडखळायची. आणि आजीचीही. आई पेढा धरून उभी, पोर तिच्याकडं बघतेय, शेवटी आईच म्हणाली, “हे न्हाई मला जमायचं. देवाच्या प्रसादाला नको म्हणायला शिकवतोस लेकराला? हात तरी जोडू दे की तिला.”

यातूनच वाट निघाली. प्रसाद घ्यायचा, कपाळाला लावायचा, आणि ‘घरी नेते’ म्हणून डब्यात ठेवायचा. दप्तरात त्यासाठी एक वेगळा रिकामा डबा दिला. डबा आजीनंच निवडला, स्टीलचा, घट्ट झाकणाचा. ‘नको’पेक्षा ‘घरी नेते’ तिला किती सहज जमलं ते बघून मीच चकित झालो. शाळेतल्या पोरांनाही ते पटलं. देणाऱ्याचा अपमान नाही, घेणारीची ओढाताण नाही. संध्याकाळी तो डबा आजी उघडते आणि त्यातला माल तिच्या पोटात जातो. देवांपैकी एकट्या जोतिबाशी आमचं सरळ जमतं. त्याच्या गुलाल-खोबऱ्यातलं खोबरं लेकीला चालतं.

घड्याळाचं काय करायचं? सहा वर्षांच्या पोरीला घड्याळ कळत नाही. शाळा साडेदहा ते पाच. दहाचा डोस घरी घेऊन निघायची, पुढचा दोनला. दोनची वेळ मधल्या सुट्टीच्या शेवटाला येत होती, म्हणून डोस घड्याळाला न बांधता घंटेला बांधला. सुट्टीची घंटा झाली की जेवण, भरतीची घंटा झाली की वर्गात जायच्या आधी बाटली. हे तिला एका दिवसात कळलं. फक्त शनिवारी शाळा सकाळची. सगळ्या घंटा इकडच्या तिकडं. पुढं उन्हाळ्यातही सकाळची शाळा लागते. तेव्हा वेळ पावणेअकराची येत होती आणि त्या वेळेला घंटाच नव्हती, म्हणून बाईंनी स्वतःच्या मोबाइलवर गजर लावला. त्याची धून कसल्याशा लावणीची. शनिवारी पावणेअकराला लावणी वाजली की सगळा वर्ग लेकीकडं बघतो.

बाटलीचंही एक शास्त्र आहे. घरी आधीच कालवून दिलं तर पीठ खाली बसतं आणि घट्ट होतं. म्हणून सकाळी काट्यावर 30 ग्रॅम मोजून कोरडंच एका डबीत द्यायचं, पाणी शाळेत घालायचं. बाटली पारदर्शक पाहिजे, स्टीलची नको. का ते लेकीनंच पोषण आहार शिजवणाऱ्या मावशींना शिकवलं, शाळा सुरू व्हायच्या आधी आम्ही सगळं दाखवायला गेलो तेव्हा. मावशी चुलीपाशी हात पुसत उभ्या. लेकीनं डबी उघडून पीठ बाटलीत ओतलं, डबी उलटी करून बुडावर टिचकी मारली, कोपऱ्याला चिकटलेलं बोटानं खरवडलं. रेघेपर्यंत पाणी घातलं. झाकण लावून दोन्ही हातांनी जोरजोरात हलवलं, अगदी कोपर अंगाला लावून, आई हलवते तसं. घटाघटा प्यायली. मग रिकामी बाटली उजेडाकडं धरून म्हणाली, “बघा मावशी, खाली पांढरं दिसतंय का? ते राहिलं की औषध राहिलं.” परत थोडं पाणी, परत हलवणं, परत पिणं. मावशींनी बाटली हातात घेऊन स्वतः उजेडाकडं धरली, डोळा बारीक केला. “आता न्हाई राहिलं,” त्या म्हणाल्या. त्या दिवसापासून शाळेत तपासणी त्यांची. बाईंपेक्षा त्या कडक.

पोषण आहारातलं बरंचसं तिला चालतं. भात, आमटी, मटकीची उसळ, मसालेभात. मावशी आमटीत चिमूटभर गूळ टाकायच्या, तो त्यांनी सगळ्यांचाच बंद केला, त्यावर एकदोन पालकांनी कुरकूर केली म्हणे. 2023 च्या शेवटी आठवड्यातून एक अंडं सुरू झालं तेव्हा अंडं न खाणाऱ्यांना केळं मिळायचं. आमच्या घरात अंडं खातात ते बरं, कारण केळं हिला चालत नाही. मांस-मच्छीही चालते, कोल्हापुरात जन्मल्याचा तेवढा फायदा. मधल्या वेळेला घरचं बिनसाखरेचं भडंग, शेंगदाणे.

राहिला प्रवेशोत्सवाचा शिरा. बाई म्हणाल्या, हिला नुसतं कुंकू लावू. लेक तयार नव्हती. सगळ्यांना देणार आणि मला नाही? बरोबर होतं तिचं. तिच्या आईनं डॉक्टरांना विचारून फुटाण्याच्या डाळीचं पीठ, तूप आणि ग्लुकोज पावडर असा लाडू करून पाहिला. वळेना. हातात घेतला की भुगा. ग्लुकोज तोंडात गार लागतं, साखरेसारखं भरून गोड लागत नाही. लाडू खाल्ला तर पेपरमिंटची गोळी खाल्ल्याचा भास. शेवटी जरा जास्त तूप घालून सुपारीएवढे वळले, एकच खायचा आणि तोही डोसबरोबर या अटीवर. पहिल्या दिवशी ओवाळून झाल्यावर बाईंनी तो लाडू इतरांच्या शिऱ्याबरोबर त्याच ताटातून उचलून तिला भरवला. कुणाच्या लक्षातही आलं नाही. तिच्या मात्र आलं, कारण घरी येऊन ती म्हणाली, “माझा लाडू गार होता.”

पोरांना आधी नवल वाटलं. बाटलीतल्या पांढऱ्या पाण्याला त्यांनी ‘खडूचं पाणी’ असं नाव ठेवलं. एका गड्यानं खडू खरंच पाण्यात घालून पिऊन पाहिला आणि त्याची आई बाईंशी भांडायला आली. त्यावर बाईंनी वर्गाला कॉर्नफ्लॉवर दाखवलं, चिमूट चिमूट चाखायला दिलं. सगळ्यांनी थू थू केलं. तेव्हापासून लेकीला वर्गात मान आहे: हे असलं रोज पिते!

पंधरा ऑगस्टला आमच्याकडं जिलेबी असते. कोल्हापुरात झेंडा आणि जिलेबी यांची ताटातूट होत नाही. त्या दिवशी ‘घरी नेते’चा डबा पाकानं भरून आला. दप्तरातली पुस्तकं चिकट झाली, पण कुणी आग्रह केला नाही, तिनं पथ्य मोडलं नाही.

पावसाळ्यात एकदा फोन आला. भरतीच्या घंटेचा डोस घेतला आणि पाठोपाठ उलटी झाली. सर्दी-तापाची साथ होती. बाईंनी कागद वाचला, ग्लुकोजचं पाणी घोट-घोट पाजलं, समोरच्या मोटारवाल्याला उठवलं, आणि मी काट्यावरचा ट्रक तसाच सोडून निघेपर्यंत ते तालुक्याच्या रस्त्याला लागलेसुद्धा होते. दवाखान्यात तरुण डॉक्टर होते, त्यांनी हा आजार पुस्तकात वाचलेला, पेशंट पहिलाच. कागद दोनदा वाचला, दहा टक्क्यांचं ग्लुकोज सलाइन लावलं, मग केईएमच्या डॉक्टरांशी फोनवर बोलले. दुसऱ्या दिवशी घरी. उलटी व्हायच्या आधी काय वाटत होतं असं बाईंनी विचारलं तेव्हा ही म्हणाली, “गुडघे हसले नव्हते. पोट रडत होतं.” कागदात नवी ओळ घातली.

या उन्हाळ्यात बाईंची बदली झाली. जिल्हा परिषदेत बदली चुकत नाही. जूनमध्ये नवे सर आले, मी कागदाची नवी प्रत घेऊन गेलो, पण समजावून सांगायचं काम मावशींनी आधीच केलं होतं. डोस आता 35 ग्रॅम. लेकीला घड्याळ कळायला लागलंय, दोनला पाच कमी असताना ती आपणहून उठते, सर बोलत असले तरी. सर शिस्तीचे. त्यांना ते थोडं खटकतं. खटकू दे.

डिसेंबरात पन्हाळ्याची सहल आहे. चढ-उतार म्हणजे साखर लवकर उतरणार, त्यामुळं डॉक्टरांनी डोसचं अंतर कमी करून मधे खायला लावलंय. तीन डब्या, दोन बाटल्या, ग्लुकोजची पुडी, मीटर, एवढी तयारी. मीही येतो म्हटलं तर लेक म्हणाली, कुणाचेच पप्पा येत नाहीत. सरांनी मधला मार्ग काढला: तुम्ही मोटारसायकलवर मागून या, पण वर गडावर येऊ नका, नाक्याजवळ थांबा, फोन चालू ठेवा. मला पटलं. तेव्हा कारखान्याचा हंगाम ऐन भरात असणार आणि काट्यावर माणसं कमी, म्हणून रजेचा अर्ज आत्ताच टाकलाय. अजून मंजूर झालेला नाही.